खपल्या गळेपर्यंत

माझी पिशवी वहिनींनी चिमट्याने बाहेर टाकली.

पोळ्या भाजायचा चिमटा. टोकाला काळा पडलेला. सेफ्टी डोअरच्या फटीतून तो बाहेर आला, तेव्हा त्याला माझी कापडी पिशवी लोंबत होती. आत तिळाच्या तेलाची बाटली आणि माझा पंचा. एरवी ती त्यांच्याकडेच मोरीमागच्या खुंटीला असायची. पिशवी जिन्याच्या फरशीवर पडली. तिच्यामागोमाग चिमटाही पडला. तो आता त्यांना घरात नको होता.

"तुमच्या चाळीतनं काय काय घेऊन येता हो तुम्ही लोक," वहिनी म्हणाल्या. "घरात म्हातारं माणूस आहे. थोडा तरी विचार करायचा."

मी उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं. बेल दाबली, दार उघडलं, नेहमीसारखा हात वर करून हसलो. त्या हाताच्या तळव्यावर दोन फोड होते. एक हनुवटीवर होता. वहिनींची नजर तळव्यावर गेली आणि तिथेच थांबली. लोखंडी दार खटकन लागलं.

"लिफ्टने जाऊ नका. जिन्याने जा. आणि कठड्याला हात लावू नका."

आता कठड्याला हात न लावता पिशवी कशी उचलायची आणि जिना कसा उतरायचा, हा प्रश्न माझ्या वजनाच्या माणसाला पडतो. मी पिशवी मनगटात अडकवली, दोन्ही हात वर केले आणि चार मजले तसाच उतरलो. पोलिसांनी धरलेल्या पाकीटमारासारखा. खाली वॉचमन स्टुलावरून उठला. "क्या हुआ चाचा?" मी म्हटलं, "कुछ नहीं, व्यायाम." तो हसला. मीही हसलो. हसायची सवय वाईट आहे मला. कुणी थोबाडीत मारली तरी आधी हसू येतं, मग गाल चोळतो.

बसस्टॉपपर्यंत हसू टिकलं. मग नाही.

माझी ओळख सांगायची तर मी मालिशवाला. सर्टिफिकेट नाही, पाटी नाही. ही कला मला बापाकडून आली. कला म्हटलं की आमची ही पदराआड हसते, पण असो. बाप लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, मागावर होता. संप झाला तेव्हा मी चौथीत असेन. संप कधी मिटलाच नाही, आणि बाप पुन्हा गिरणीत गेला नाही. व्यायामशाळेत पैलवानांची अंगं रगडायची त्याला हौस होती. ती हौस मग आमच्या पोटाच्या कामी आली. तेलाची बाटली घेऊन तो दादरला, शिवाजी पार्कला जायचा. बिल्डिंगच्या मागे लोखंडी गोल जिना असायचा, भंगी-मोलकरणींसाठी. बापालाही तोच. घरी येऊन तो सांगायचा, "गिरणीत एवढी वर्षं राबलो, मालक कधी दिसला नाही. इथं रोज उघडाबंब पालथा पडलेला दिसतो." आम्ही पोरं लोळून हसायचो. आई नाही हसायची.

माझ्या वेळेला तो गोल जिना पाडून झाला होता. मी लिफ्टने जायचो. मला वाटलं, बरीच सुधारणा झाली. मी तसा भोळाच.

शिवाजी पार्कला वहिनींच्या घरी मी त्यांच्या सासऱ्यांसाठी जायचो. नाना. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचं डावं अंग गेलं होतं आणि बोलणंही अर्धंच राहिलं होतं. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी मी त्यांच्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करायचो. डावा हात उघडायला वेळ लागायचा. उघडला की नाना उजव्या डोळ्याने हसायचे. ते हसू मला आवडायचं, खोटं का बोलू.

त्या महिन्यात वहिनींचा मुलगा ईशान परदेशातून आला होता. आल्यापासून खोलीतच. जेवणाचं ताट दाराशी जायचं, तिथूनच परत यायचं. "व्हायरल आहे," वहिनी म्हणाल्या होत्या. एवढंच. मग एके दिवशी मी नानांचं आटपून हात पुसत होतो, तर ईशान आतून आला. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. लहानपणी हा पोरगा नानांच्या पलंगावर बसून माझ्याकडे गोष्ट मागायचा.

"काका, पाठ फार आखडलीय. पडून पडून. जरा दाबून देता?"

त्याने टीशर्ट काढला. पाठीवर, खांद्यांवर पुळ्या. काही सुकलेल्या, वर तपकिरी खपल्या. काही अजून ओल्या. मी विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "उष्णता. होतंय बरं." मी तेल घेतलं आणि चोळायला लागलो. हलक्या हाताने. खपल्या तेलाने मऊ होऊन माझ्या तळव्याला लागत होत्या. माझ्या अंगठ्याजवळ नारळ खवताना खवणीने कापलेलं होतं, ओलंच होतं. मी त्याकडे बघितलंही नाही. कामात असलं की मला आपलं अंग आठवत नाही, समोरच्याचंच दिसतं.

मधेच वहिनी दारात आल्या. माझे हात त्यांच्या मुलाच्या पाठीवर. त्यांनी पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग पडदा ओढून घेतला आणि गेल्या.

हा पडदा मला पुढे फार छळणार होता. तेव्हा वाटलं, बाई मर्यादशील आहे.

आठवडा-दीड आठवडा गेला आणि मला ताप भरला. डोकं फुटत होतं, पाठ अशी दुखत होती की काही विचारू नका. मालिशवाल्याने पाठदुखीची तक्रार कुणाकडे करायची? आमच्या हिने दोन बुक्क्या मारल्या आणि म्हणाली, "झालं मालिश." गळ्याखाली दोन लिंबं, जांघेत दोन बोरं, अशा गाठी आल्या. अंगावर फळांची गाडीच लागली म्हणायची. तीनेक दिवसांनी ताप उतरला. हनुवटीवर एक फोड, तळव्यावर दोन. तेलाची उष्णता, म्हटलं. आणि निघालो कामावर. पुढचं मगाशी सांगितलंच. चिमटा.

घरी आलो तेव्हा तोंडावर, हातांवर, तळपायांवर आणखी उठले होते. काही जागा सांगायच्या नाहीत अशा. आधी लाल ठिपका, मग टणक गोळी, मग पाणी. नंतर पू धरला की मधोमध खळगा पडायचा, बेंबीसारखा.

आमच्या मजल्यावर गावडेकाकी राहतात. सगळ्यांच्या घरात त्यांचा शब्द चालतो. त्या आल्या, मला न्याहाळलं, दोन्ही हात जोडले. माझ्यासमोर. उभ्या आयुष्यात त्यांनी मला कधी हात जोडले नव्हते.

"आई इली हा," काकी हिला म्हणाल्या. "फोडणी घालू नको हां."

आमच्याकडे ही रीत. कांजिण्या आल्या म्हणजे देवी घरी आली. तेल तापवायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, दारावर कडुलिंबाचा टाळा. आजाऱ्याला दहीभात. त्याच्या उशाशी बसायचं, लिंबाच्या डहाळीने वारा घालायचा, अंगावरून डहाळी फिरवायची. देवी आलेल्या माणसाला एकटं टाकायचं नाही. एकटं टाकलं तर ती रागावते. सकाळी चिमट्याने बाहेर काढलेला मी, दुपारपर्यंत देव झालो. चाळीतल्या बायका एकेक करून आल्या, दही ठेवून गेल्या. कुणी कपाळाला हात लावला, कुणी पाय चेपले. मला रडू आलं. किती माया, म्हटलं. खोलीत अकरा माणसं आणि एक पंखा.

आणि सुजाता.

सुजाता माझी मुलगी. पहिलटकरीण, सातवा महिना. माहेरी आली होती. रविवारी तिचं डोहाळजेवण होतं, फुलांचे दागिने हिंदमाताजवळच्या बाईला सांगून झाले होते. ती पोट सांभाळत माझ्या उशाशी बसली होती आणि डहाळीने वारा घालत होती. आमची खोली दहा बाय बाराची. दोरीवर एकच टॉवेल, सगळ्यांचा.

"बाबा, पाठ करा इकडे. काकींनी चंदन उगाळून दिलंय."

मी कूस वळवली. आणि त्या वळण्यात डोक्यात काहीतरी अडकलं. वहिनी दचकल्या नव्हत्या. तळव्यावरचे फोड बघून माणूस विचारतो, अहो हे काय झालं? त्यांनी विचारलं नाही. पिशवीला हात लावायचा नाही, पंच्याला हात लावायचा नाही, कठड्याला लावू द्यायचा नाही, हे सगळं त्यांना तयार होतं. आणि दुसरं. कांजिण्या मला येऊन गेल्या होत्या. संपाच्या वर्षीच. अख्ख्या गॅलरीतल्या पोरांना एकदम आल्या होत्या, घरी बसलेले सगळे बाप आमच्या उशाशी बसून पत्ते खेळत होते. मग या पुन्हा कशा?

सुजाताची बोटं चंदन घेऊन माझ्या खांद्याकडे येत होती.

"हात लावू नको," मी ओरडलो.

ती जागच्या जागी थिजली. सकाळचाच शब्द माझ्या तोंडातून माझ्या पोरीला. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, म्हटलं, "लांब हो. आधी साबणाने हात धू. अगोदर धू, मग रड."

तसाच बाहेर पडलो. पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला करोनातला मास्क. मोठ्या सरकारी दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई लहान होत्या, सुजाताच्याच वयाच्या. हातमोजे घालून त्यांनी गळ्याखालच्या गाठी चाचपल्या. तळवे बघितले, तळपाय बघितले.

"कांजिण्या नाही वाटत, काका. त्यात अशा गाठी सहसा येत नाहीत. आणि त्यात काही फोड नवे, काही जुने असे मिसळलेले असतात. तुमच्या हातावरचे बघा, सगळे एकाच वेळी पिकलेत."

"एकाच इयत्तेतले," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. मंकीपॉक्स असावा. फोडाला कापसाची काडी फिरवून तपासायला पाठवू. हा आजार वाऱ्यावर उडून गल्लीभर पसरत नाही. अंगाला अंग लागलं, फोडातलं पाणी लागलं, आजाऱ्याची चादर, टॉवेल वापरला, किंवा तोंडाशी तोंड येईल असं बराच वेळ बसलं तर होतो. शेवटची खपली गळून खाली नवी कातडी येईपर्यंत दुसऱ्याला लागू शकतो. खपली धरली म्हणजे बरा झाला, असं नाही.

"आता न लाजता सांगा. अलीकडे कुणाशी शरीरसंबंध?"

"बाई, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात. आमची ही माझ्याकडे पाठ करून झोपते, ती पाठ मी बावीस वर्षं बघतोय."

"तरी विचारावं लागतं. ही शिक्षा नाही, चौकशी आहे," त्या म्हणाल्या. आणि माझ्या दंडावरचा देवीच्या लसीचा गोल डाग त्यांनी बघितला. "ही लस झालीय तुम्हाला. त्याचा थोडा उपयोग होत असेल. घरात आणखी कोण?"

मी सुजाताचं सांगितलं. सातवा महिना सांगितला. त्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"तिला ही लस नसणार. ती द्यायची बंद झाली तिच्या जन्माआधीच." मग हळू म्हणाल्या, "गरोदरपणात हा आजार पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकतो. गेलाच आहे असं नाही. तीन आठवडे तिच्यावर लक्ष ठेवावं लागेल. काका, तुम्हाला हा कुठून आला ते कळलं पाहिजे. तिथे आणखी कुणी असेल."

आता बघा. मला उत्तर माहीत होतं. पाठ माहीत होती, पडदा माहीत होता. पण जीभ उचलेना. त्या घरातला पोरगा. लहानपणापासून बघितलेला. नाव घेऊ का नको. म्हटलं, "आठवून सांगतो." मोठ्या घरचं बाहेर बोलायचं नाही, हा आमचा पिढीजात रोग. तो तपासायला काडी नाही.

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. खोलीला एक खिडकी. मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होतो. तळपायांवर फोड, तरी बसवेना. सुजाताने कपाळाला किती वेळा हात लावला? चादर कुणी झटकली? ताप आलाय का तिला? दर थोड्या वेळाने फोन. ही वैतागली. "नाही ताप. तुमच्या फोनमुळे येईल."

आणि मग वहिनींचा फोन आला.

"काका, कसे आहात?" आवाज मऊ. सकाळची बाई ती नव्हेच. "तुमच्या घरी फोन लावला होता, कळलं, दवाखान्यात आहात. हे बघा, ते लोक विचारतील, कुणाकडे जाता वगैरे. आमचं नाव कशाला मधे? चाळीत कुणालातरी झालं होतं म्हणून सांगा. तुमच्याकडे काय, चालूच असतं काहीतरी."

"वहिनी, ईशानला काय झालं होतं?"

"तो बरा आहे आता."

"काय झालं होतं?"

"आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं होतं. बोभाटा नको म्हणून. पोराचं नाव खराब होतं हो, लोक काय काय अर्थ काढतात या आजाराचे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मी त्याची पाठ चोळत होतो, तुम्ही दारात होता."

"खपल्या धरल्या होत्या. मला वाटलं, आता काही नाही. आणि त्याला दुखत होतं. आईचं काळीज असतं."

"मला नुसतं सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का? नानांचं कोण करणार होतं?"

मी फोन धरून उभा होतो. चिमटा विसरता आला असता. माणूस घाबरला की काहीही करतो, मी माझ्या पोरीवर ओरडलोच की. पण हे भीतीत झालं नव्हतं. हे विचार करून केलेलं होतं. माझ्या हातांची गरज होती, आणि हात माणसाला चिकटलेले असतात हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"तुमच्या मुलीचं बाळंतपण आहे ना? आमच्या चांगल्या डॉक्टर आहेत, तिथे करू. सगळं आम्ही बघू. तुम्ही फक्त..." मग आवाज जरा बदलला. "नाहीतरी काका, तुमच्या धंद्यात कुणाकुणाच्या अंगाला हात लावत असाल. लोक तुमच्याबद्दलही बोलतील. विचार करा."

मला हसू आलं नाही. पहिल्यांदाच. वाट बघितली, आलं नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "माझ्या पोरीच्या पोटात बाळ आहे. तुमच्या पडद्याने हा आजार तिच्यापर्यंत आणून ठेवलाय. मी खोटं बोललो तर तुमच्या घरातल्या मोलकरणीला कुणी विचारणार नाही, नानांना कुणी तपासणार नाही, आणि आमच्या लालबागच्या चाळीकडे मात्र सगळे बोट दाखवतील. मी नाव सांगतोय. ईशानला शिक्षा होणार नाही, आजार आहे तो, गुन्हा नाही. लपवलंत तो गुन्हा."

फोन ठेवला. घंटी वाजवली. डॉक्टरीणबाई आल्या. सगळं सांगितलं. घर, मजला, पाठ, खपल्या, अंगठ्याजवळची जखम. पडदासुद्धा. त्या म्हणाल्या, "पडद्याचं लागत नाही." मी म्हटलं, "मला लागतं."

मग चाळीला सांगायचं राहिलं. ते जास्त अवघड. मायेने आलेल्या माणसांना कसं सांगायचं की तुमच्या मायेनेच हे पसरेल? हिला फोन स्पीकरवर टाकायला लावला, गॅलरीत. आजाराचं नाव सांगितल्यावर आधी गावडेकाकींचा आवाज.

"मेल्या, आता माकडाक पण मालिश करतंस?"

अख्खा मजला हसला. मी हसू दिलं. मग म्हटलं, "काकी, ही आई नव्हे. दारावर टाळा राहू दे, पण दाराच्या आत कुणी जाऊ नका. मला ज्यांनी हात लावला त्यांनी तीन आठवडे ताप, गाठी, फोड बघायचे. लपवायचं नाही. माझी चादर, टॉवेल गरम पाण्यात. आणि सुजाताच्या अंगाला कुणी झोंबायचं नाही."

"आणि डोहाळजेवण?" सुजाताचा आवाज.

"नाही, बाय."

फुलांचे दागिने दुसऱ्या कुणीतरी नेले.

तपासणीत मंकीपॉक्सच निघाला. दवाखान्यातून माणसं शिवाजी पार्कला गेली. ईशानने स्वतःच सगळं सांगितलं म्हणे. पोरगा आईपेक्षा बरा निघाला. नाना ठीक, मोलकरीण ठीक. त्या बिल्डिंगमधली माझी आणखी दोन घरं होती, ती सुटली. एकाने तर सांगितलं, "तुम्ही बोलायला नको होतं." आजार आणला म्हणून नव्हे. बोललो म्हणून.

माझी शेवटची खपली गळली तेव्हा घरी आलो. तीन आठवडे सुजाताला काही झालं नाही, तरी सोनोग्राफीला प्रत्येक वेळी आम्ही श्वास धरून बसायचो. मुलगी झाली. अंगावर एक डाग नाही. गावडेकाकी म्हणाल्या, देवीची कृपा. असेल. पण वहिनींनी त्यात काही वाचवलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे. त्यांनी आमचं नशीब पणाला लावलं आणि आम्ही जिंकलो, म्हणून मी त्यांचे आभार मानणार नाही.

बाळाच्या बारशानंतर त्यांचा पुन्हा फोन आला. नवा माणूस नानांना जमत नव्हता. "झालं गेलं विसरा, काका. नाना झोपत नाहीत. थांबा, देते." मग नानांचा श्वास. मग त्यांचा अर्धा शब्द. "ये... ये रे."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"वहिनी, येतो," मी म्हटलं. "पण आधी नानांसमोर, ईशानसमोर, मी उभा असताना तुम्ही सांगायचं. आजार तुमच्या घरातून गेला. तुम्हाला ठाऊक होता. माझ्यापासून लपवलात."

"आजारी माणसासमोर हे कशाला आता?"

"मग नाही."

नानांचा डावा हात आता मिटलेलाच असेल. कुणी उघडत नसेल. त्याने मला त्रास होतो, रोज होतो. तरी मी गेलो नाही, जाणार नाही.

आता परळ-दादरला नवी घरं धरलीत. थोडी आहेत. दार उघडलं की मी आत जात नाही. आधी विचारतो, घरात कुणाला ताप, कुणाला फोड, कुणाला काय झालंय ते सांगा, आणि मला काही असलं तर मीही सांगेन. काही लोकांना राग येतो. एक साहेब म्हणाले, "तुला काय करायचंय? तू तुझं काम कर."

मी बाटलीचं झाकण लावलं. "सांगणार नसाल तर माझा हात तुमच्या अंगाला लागणार नाही," म्हटलं, आणि दारातूनच वळलो.